झरीच्या माळावरचं वाऱ्याचं कापड

चहा आधी घ्या. मी सांगायला लागलो की लोकांचा चहा गार होतो, आणि मग त्याचंही खापर माझ्यावरच फुटतं. हसायचं असेल तर मोकळेपणाने हसा, कारण फजिती माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. माणूस चार लोकांत एखादी चूक करतो. मी ती अख्ख्या तालुक्यासमोर केली, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून वरून आभाळातून एक माणूस बघत होता!

हैदराबादचं राज्य वाटलं गेलं, आम्ही परभणीवाले मुंबई राज्यात आलो, त्याच्या पुढच्या वर्षीच्या थंडीतली ही गोष्ट. मी तेव्हा झरीच्या शाळेचा मुख्याध्यापक. तालुक्याचं शेतकी प्रदर्शन त्या वर्षी झरीला भरायचं ठरलं आणि तहसीलदार साहेबांनी मला त्याचा चिटणीस केलं. शेतकी प्रदर्शन म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. मोठं वांगं, त्याहून मोठा भोपळा, आणि भोपळ्याहून मोठी भाषणं. पण त्या वर्षी साहेबांच्या डोक्यात काही निराळंच होतं. हैदराबादेतल्या एका उड्डाण क्लबाशी त्यांनी परस्पर पत्रव्यवहार केला होता. एक लहानसं विमान येणार, गावाबाहेरच्या माळावर उतरणार, आणि चिठ्ठ्या टाकून ज्यांची नावं निघतील त्यांना दोघा-दोघांना बसवून झरीभोवती एक चक्कर मारून आणणार!

झरीला विमान! अहो, जिथे मोटार आली की पोरं फुफाटा खात मैलभर मागे पळायची, तिथे विमान! आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे त्याला बसायला घोड्यासारखं खोगीर असतं. कुणी म्हणे वर गेलं की भूक लागत नाही. चिटणीस म्हणून दोन जागा माझ्यासाठी राखून ठेवल्या होत्या. मी एकटा माणूस, दुसऱ्या जागेचं काय करू, या विचारात घरी आलो आणि जेवताना मामींच्या कानावर घातलं.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सासूला मामी म्हणायची रीत. त्यांची एकुलती एक मुलगी माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून मामी माझ्याकडे राहत होत्या की मी त्यांच्याकडे, हे आम्ही दोघांनी कधी ठरवलं नाही. चूल पेटायची, जेवणं व्हायची. बोलणं कामापुरतं. शेत त्यांनी बटाईने लावून दिलं होतं. एरवी सगळ्या गल्लीला हुकूम सोडणारी बाई, पण दोन वर्षांत उंबऱ्याबाहेर पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. बोलावणी आली की म्हणायच्या, "मास्तर, तुमी जाऊन या."

तर मी विमानाचं सांगितलं. त्यांनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, माझ्या ताटात टाकली आणि विचारलं, "त्याच्यात बाया बसत्यात का?"

म्हटलं, बसतात.

"मग माजं नाव लिवा."

बस्स, एवढंच. मी हातातला तुकडा हातात धरून बसून राहिलो. दोन वर्षांत या बाईने काही मागितलं नव्हतं. नवं लुगडं नको, परळीला जायचं नको, गोडाचं नको. आणि मागितलं तर काय, विमान! तेव्हा एवढं ध्यानात ठेवा, की तहसीलदार साहेबांसाठी ते विमान प्रदर्शनाला येत होतं. माझ्यासाठी ते मामींना घ्यायला येत होतं. ते उतरायलाच हवं होतं.

मग क्लबाकडून पार्सल आलं. त्यात एक इंग्रजी पुस्तिका आणि एक गुंडाळलेलं कापड. कापडाकडे मी नंतर येतो, त्याच्याकडे यायचंच आहे. पुस्तिका मी एका बैठकीत वाचली, आणि खरं सांगतो, मला झोप लागली नाही. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की विमानं कशी उतरवायची, माणसं कशी बसवायची, जमिनीवर खुणा कोणत्या करायच्या, हे नियम जगातल्या बहुतेक देशांनी एकत्र बसून मान्य केले आहेत. विमान कुठलंही असो, वैमानिकाची भाषा कुठलीही असो, खालची खूण सगळीकडे एकच. का? तर वरच्या माणसाला खाली उतरून विचारता येत नाही, म्हणून.

आता तुम्हीच विचार करा. ज्या माणसाचं शिक्षण उर्दूत झालं, ज्याने शिकवलं मराठीत, ज्याच्या डोळ्यांसमोर निजामाचा हाली सिक्का जाऊन हिंदुस्थानचा कलदार रुपया आला आणि कलदारात नवे पैसे आले, ज्याचं राज्य दहा वर्षांत दोनदा बदललं, त्या माणसाच्या हातात एक पुस्तिका सांगते की लंडनला जो नियम तोच झरीला! मी दुसऱ्या दिवशी सगळी शाळा मैदानात बसवून तासभर बोललो. पोरांना कळलं असेल नसेल, मला फार आनंद झाला.

आणि मी लागलो कामाला. पटवाऱ्याकडून साखळी आणून माळ मोजला. उंदरांची बिळं बुजवली. कडेने दगड मांडून त्यांना चुना फासला. पुस्तिकेत म्हटलं होतं पेट्रोलच्या आसपास विडी नको, तर मी माळाच्या चारी बाजूंनी विडीबंदी पुकारली. वाळूच्या बादल्या. पाण्याच्या घागरी. विमानाच्या पंख्यासमोर कुणी जाऊ नये म्हणून दोर. बसणाऱ्याचं वजन आधी घ्यायचं, म्हणजे विमानाला किती भार झेपेल ते वैमानिकाला कळतं, हेही त्यात होतं. मी बाजारातला कापूस तोलायचा मोठा काटा मागवला आणि चिठ्ठी निघालेल्या एकेकाला त्यात बसवलं. काटा घरी आणून मामींना बसवताना त्या म्हणाल्या, "मास्तर, सरकीसकट तोलायलाव का सरकी काढून?" दोन वर्षांनी त्यांनी केलेली ती पहिली थट्टा. मी वजन चुकीचं लिहिलं आणि पुन्हा तोलावं लागलं.

बसणाऱ्यांच्या नावांची एक यादी खाली जमिनीवर ठेवायची, असाही नियम होता. का, ते तहसीलदार साहेबांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले की यादीतलं त्यांचं नाव मागून कुठेतरी घाला, घाई नाही.

आता कापड.

ते होतं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, सदऱ्याच्या लांबच लांब बाहीसारखं. एका बाजूला रुंद तोंड, त्यात तारेचं कडं. दुसरीकडे निमुळतं शेपूट, तेही उघडं. उंच खांबावर लावायचं आणि वारा दाखवायचा. रुंद तोंड वाऱ्याकडे होतं, शेपूट वारा जिकडे जातो तिकडे. वारा जास्त तर कापड ताठ, कमी तर लोंबतं. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, म्हणून वैमानिक आधी हे कापड बघतो आणि मग ठरवतो कुठल्या बाजूने यायचं. हे सगळं पुस्तिकेत चार ओळींत होतं. मी ते वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तहसीलदार साहेब तपासणीला आले. वारा बिलकूल नव्हता. उंच खांबावर हे कापड, आणि ते वाळत घातलेल्या पायजम्यासारखं लोंबत होतं. साहेब बराच वेळ वर बघत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, बड्या पाहुण्याच्या स्वागताला हे असं मलूल? बुरं दिसतंय."

मला ते लागलं. त्यामागे एक कारण आहे, ते ऐका. आमच्या पिढीने तिरंगा लावायला मिळावा म्हणून फार वाट पाहिली होती. संस्थानात तो घरात ठेवायची चोरी. त्यामुळे विलीनीकरण झाल्यावर पहिला झेंडा शाळेवर चढवला तेव्हा मी शपथच घेतल्यासारखं ठरवलं, की माझ्या शाळेवर झेंडा कधी खाली मान घालणार नाही. वारा नसेल त्या दिवशी आमचा चपराशी किसन झेंड्याच्या वरच्या कडेला एक हलकी काडी टाचून द्यायचा. झेंडा कसा पसरलेला राही! आठ-नऊ वर्षं हा आमचा नित्यक्रम. तपासनीसांनी शेऱ्यात कौतुक लिहिलेलं.

समजलात ना पुढचं?

मी किसनला तुराटी आणायला लावली. तुरीच्या खोडाची ती काडी, हलकी आणि सरळ. खांब आडवा करून एक लांब तुराटी कापडाच्या पोटात आरपार घातली, सुतळीने तारेच्या कड्याला आवळली, आणि कडं खांबाला असं जखडलं की जत्रेतला पहिलवान आला तरी हलू नये. कापड ताठ! दुरून बघावं असं देखणं! मग प्रश्न आला, तोंड कुठल्या बाजूला करायचं. माळ पूर्व-पश्चिम लांब. मांडव मावळतीच्या टोकाला, जरासा कडेला. मांडवात बडी मंडळी बसणार. त्यांच्याकडे शेपूट करणं शोभतं का? तोंड मांडवाकडे केलं. शेपूट उगवतीकडे.

तुम्ही विचाराल, मास्तर, वारा दाखवायचं कापड बांधून ठेवलंत कसं? अहो, मला वाटलं वारा सुटला म्हणजे ते ताठच होणार आहे. आपण आधीच करून ठेवलं. वाऱ्याचे तेवढेच कष्ट वाचले.

सकाळ उजाडली. काय गर्दी सांगू! सोनपेठहून बैलगाड्या, पालमहून माणसं, आजूबाजूच्या वाड्या रिकाम्या झालेल्या. आणि घरातून निघताना मामी नवं लुगडं नेसून दारात उभ्या. हिरव्या काठाचं, पेटीच्या तळातून काढलेलं. आम्ही दोघं गावातून माळापर्यंत चालत गेलो आणि बायका दारात येऊन बघत राहिल्या.

माळावर उगवतीकडून चांगला थंड वारा सुटला होता. मला तो कळला नाही का? कळला. मी उपरण्याने कान बांधले.

नऊच्या सुमारास गुणगुण ऐकू आली, मग ठिपका, मग पंख! लोक ओरडत नव्हते, नुसत्या माना वर करून बघत होते. विमानाने माळावरून एक घिरटी घातली, वैमानिकाने आमचं कापड पाहिलं असणार, आणि ते लांब उगवतीकडे जाऊन वळलं, मावळतीकडे तोंड करून खाली यायला लागलं. मी हात जोडले. चाकं आता टेकतील, आता टेकतील... पण ते टेकेचना! मागून वारा ढकलतोय, विमान पळतंय घोड्यासारखं, माळ संपत आला तरी ते हातभर वरच. शेवटी मोठा आवाज करून ते वर उचललं आणि मांडवाच्या कनातीवरून गेलं. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या मागे पडल्या. तहसीलदार साहेबांचा रुमाल डोक्यावरून उडून भोपळ्यावर जाऊन बसला, आणि खरं सांगू, त्याला तो शोभला.

लोकांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग. टाळ्या पडल्या!

दुसऱ्यांदा ते आलं, तेही तसंच. तिसऱ्यांदा मात्र ते उतरायला आलंच नाही. माळाच्या मधोमध आलं आणि वरून एक लहानशी पिशवी टाकली. किसन धावत जाऊन ती घेऊन आला. आत वाळू, आणि वाळूत उर्दूत लिहिलेला कागद. साहेबांनी मला दिला, मी मोठ्याने वाचला.

"धुआँ एक तरफ़ जा रहा है, कपड़ा दूसरी तरफ़। दोनों में से एक झूठ बोल रहा है। दस मिनट चक्कर लगाऊँगा। दुरुस्त नहीं हुआ तो सवारियाँ नहीं बिठाऊँगा, वापस जाऊँगा।"

धूर कुठला? तर माळाच्या कडेला लिंबाजीचं चहाचं दुकान. त्याच्या चुलीचा धूर मावळतीकडे, सरळ मांडवात चालला होता. आणि कापडाचं शेपूट उगवतीकडे.

आता इथे, मंडळी, शिकलेला माणूस आणि न शिकलेला माणूस यांच्यातला फरक बघा. न शिकलेल्या माणसाला वाटलं असतं की कापडात काही खोट आहे. मला तशी शंकाही आली नाही. कापड हैदराबादहून आलेलं, नियमातलं, जगातल्या बहुतेक देशांनी मानलेलं. आणि धूर कोणाचा? लिंबाजीचा! मग खोटं कोण बोलत असणार?

मी घागर उचलली आणि धावलो. लिंबाजी कपबशा मांडत होता. त्याला काही कळायच्या आत मी त्याच्या चुलीवर घागर उपडी केली. दूध, चहाची पत्ती, जळती लाकडं, सगळं एकत्र. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, "लिंबाजी, आंतरराष्ट्रीय काम आहे."

लिंबाजी शांतपणे म्हणाला, "मास्तर, दूध आमचं झरीचंच व्हतं की."

आणि ओल्या लाकडांचा धूर कसा असतो तुम्हाला सांगायला नको! आधी दोन बोटं होता, आता ढगासारखा उठला. सगळा मांडव त्यात बुडाला. आतून साहेबांचं खोकणं ऐकू येत होतं. वर विमान फिरत होतं, आणि आता त्याला खाली धूर चौपट दिसत होता, आणि कापड पहिल्याहून ठाम. मी दुसरी घागर आणायला वळलो. दहातली पाच मिनिटं गेली असतील. मनात एकच, हे परत गेलं तर घरी जाऊन मी त्या हिरव्या काठाच्या लुगड्याकडे बघू कसा?

तेवढ्यात मामी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या लोकांत. त्या कापडाकडे बघत नव्हत्या, धुराकडेही नाही. लिंबाजीच्या बैलापुढचा भुसा त्यांनी मूठभर उचलला, हात डोक्यावर नेला आणि सोडला. आयुष्यभर खळ्यावर तिवईवर उभं राहून ज्वारी उपणलेली बाई ती. दाणा कुठे पडणार आणि भुसा कुठे जाणार, हे तिला झोपेत विचारा. भुसा मावळतीकडे गेला. सरळ.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "वारा उगवतीचा हाय. धूर खरं बोलायलाय. तुमचं कापड खोटं बोलायलंय."

मी म्हटलं, मामी, ते कापड नियमातलं आहे.

"असंल. पर त्याच्या पोटात तुराटी कुनी घातली?"

झालं! डोक्यात उजेड पडला, तोही भर माळावर, शे-दोनशे बैलांदेखत. पुस्तिकेतल्या त्या चार ओळी डोळ्यांसमोर आल्या. वैमानिकाला उतरून विचारता येत नाही. म्हणून खालच्या कापडावर त्याने विश्वास ठेवायचा. आणि मी त्या कापडाला पाहुण्यांकडे तोंड करून बसायला शिकवलं होतं!

खांब पुन्हा आडवा करायला वेळ नव्हता, किसनला म्हटलं चढ आणि सुतळी काप. तो चढायला लागला, पण खांब पडला हलका. एवढ्या उंच खांबावर माणूस चढेल असा विचार कुणी केला होता? अर्ध्यावर गेला आणि खांब कडाडून मोडला. किसन कापडासकट खाली आला, सुदैवाने भुशात. त्याला काही झालं नाही. तीन मिनिटं उरली होती. मी कोयत्याने सुतळी कापली, तुराटी ओढून काढली, कडं हातात घेतलं, लिंबाजीच्या गाडीवर चढलो आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन उभा राहिलो.

कापडाने एकदा भोवती बघितल्यासारखं केलं, आणि भर्रकन फुगून मावळतीकडे झालं.

बघा, मी कितीतरी वर्षं झेंडे चढवलेत. पण वाऱ्याने हातातली वस्तू आपली आपण धरली, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. विमानाने वरून पाहिलं, लांब वळण घेतलं, या वेळी मावळतीकडून, मांडवाच्या बाजूने आलं, वाऱ्याला छातीवर घेत हळूहळू खाली आलं आणि बगळा बसावा तसं माळावर बसलं.

मग मात्र लोक ओरडले.

वैमानिक उतरले. कॅप्टन मिर्झा म्हणून होते, उंच, पिकल्या मिशांचे. आधी माझ्याकडे आले. मी गाडीवरच, हात वर. त्यांनी खाली पडलेली तुराटी उचलली, वाकवून बघितली, सगळं समजून घेतलं आणि इतक्या अदबीने बोलले की शिव्या परवडल्या असत्या.

"मास्टरसाब, मैं ऊपर से आपको नहीं देखता, झरी को नहीं देखता। मैं ये कपड़ा देखता हूँ। पीछे दो सवारियाँ बैठी रहतीं, उनकी जान इसी कपड़े पे रहती। आपने तो इसको अदब सिखा दिया जी।"

मी मान खाली घातली. हात वरच होते, तेवढे खाली घालता येत नव्हते.

मग त्यांनी मोडलेला खांब पाहिला आणि किसनला विचारलं की दुसरा खांब आहे का. नव्हता. नियम असा, की वारा दाखवणारं काहीतरी उंचावर, मोकळं असल्याशिवाय एकही फेरी होणार नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. लिंबाजीने पाहिलं. सगळ्या माळाने पाहिलं. कॅप्टन एवढंच म्हणाले की हात स्थिर ठेवा, कापड वळवायचं काम वारा करेल, तुम्ही करू नका.

अशा रीतीने चिटणीस साहेब, म्हणजे मी, बैलगाडीवर उभे राहिले ते दुपार कलेपर्यंत. हात भरून आले की किसन खालून कोपरांना टेका द्यायचा. पोरं येऊन विचारायची, "गुर्जी, तुमी बसत न्हाईत का?"

माझी जागा मी लिंबाजीला दिली. दूध सांडल्याची भरपाई म्हणून. तर पहिल्या फेरीला मामी आणि लिंबाजी असे दोघं. मामी एकट्या बसतील का, घाबरतील का, म्हणून माझा जीव खालीवर. त्यांनी पट्टा बांधून घेतला, पदर खोचला आणि माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. विमान धावलं, उचललं, झरीवरून वळलं. मी खालून बघत होतो, डोळ्यांत ऊन येत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

उतरल्यावर लिंबाजी जमिनीला हात लावून पाया पडला आणि चूल पेटवायला गेला. मामी सावकाश माझ्या गाडीपाशी आल्या. म्हटलं, काय दिसलं?

"गाव दिसलं. नदीबी दिसली लांब, चांदीच्या तारंगत." मग पदर सारखा केला. "आपलं घरबी दिसलं. मास्तर, आपलं अंगन वरून लय वंगाळ दिसायलंय. दोन वर्सं झाली, सारवलंच न्हाई. लोकं वरून जात्यात-येत्यात, काय म्हनत्याल? किसनला सांगा, उद्या शेन आनून टाक म्हनावं."

मी "हो" म्हणालो. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, पण वारा चांगला होता, म्हणून बरं.

सगळ्या फेऱ्या संपल्या. तहसीलदार साहेबांचं नाव यादीत शेवटी होतं आणि त्यांना तेव्हा नेमकं परभणीला काम निघालं. मी गाडीवरून उतरलो तेव्हा माझे हात खाली यायला तयार नव्हते, किसनने हळूहळू दुमडून दिले. कॅप्टनसाहेबांनी एक छापील इंग्रजी तक्ता काढला. नव्या जागी उतरलं की तो भरायचा, पुढे तिथे येणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला तो वाचायला देतात, असा नियम. माळाची लांबी, जमीन कशी, झाडं किती, सगळं त्यांनी नीट लिहिलं. मग 'वारा दाखवण्याचे साधन' या रकान्यापाशी जरा विचार केला, लिहिलं, आणि स्थानिक जबाबदार अधिकारी म्हणून मजकूर बरोबर असल्याची सही करायला तक्ता माझ्यापुढे धरला.

मी वाचलं. लिहिलं होतं: "मुख्याध्यापक, एक नग. स्वतःचं डोकं न चालवल्यास विश्वासार्ह."

सही करताना बोटं इतकी आखडली होती की ती कुणाची आहे हे ओळखू येईना. म्हणून मी खाली शाळेचा शिक्काही मारला.